शिडी, की येरझारा?
(राहुरी येथील वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)

पुरातत्त्वज्ञ गॉर्डन चाइल्ड यांचं ‘व्हॉट हॅपन्ड इन हिस्टरी’ हे १९४२चं पुस्तक. माझ्याकडची प्रत रद्दीतली. आधीच्या मालकानं पानोपानी रेघा ओढल्यात, सिंधू संस्कृतीपाशी समासात प्रश्नचिन्हं काढलीत. जुन्या पुस्तकाचा हाच फायदा, लेखकाशी कुणीतरी आधीच वाद घालून गेलेलं असतं. आज त्यात माझी भर.

चाइल्ड सांगतात ते असं : माणूस शिकार सोडून पेरू लागला, गावं वसली, खाऊन धान्य उरलं, त्यावर कारागीर आणि व्यापारी पोसले गेले, शहरं उभी राहिली. अधूनमधून पडझड झाली हे ते मानतात. पण एकूण चाल पुढचीच.

ते वारले १९५७च्या ऑक्टोबरात. पुढच्याच वर्षी बी. पी. बोपर्डीकरांना दायमाबादची प्राचीन वस्ती सापडली; शेजारच्या श्रीरामपूर तालुक्यात, प्रवरेच्या काठी. तिथं सावळदा, उत्तर हडप्पा, दायमाबाद, माळवा आणि जोर्वे असे पाच संस्कृतींचे थर निघाले. इसवी सनापूर्वी सुमारे २२००पासून १०००पर्यंतचे.

१९७४मध्ये तिथल्या एका भिल्ल गावकऱ्याला झुडपाच्या बुंध्याशी खणताना चार काशाच्या वस्तू मिळाल्या : हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलजोडीचा रथ. रथात माणूस उभा आहे, पुढं दांडीवर कुत्रा. चारही वस्तूंचं मिळून वजन साठ किलोंच्या वर! त्यांच्या काळाबद्दल तज्ज्ञांत वाद आहे, तो त्यांनी मिटवावा. दायमाबाद म्हटलं की आपण रथापाशीच थांबतो, ही माझी तक्रार आहे. इसवी सनापूर्वी हजारच्या सुमारास ते गाव ओस पडलं, ते का, हे कुणी विचारत नाही.

याचा माग घोडनदीकाठच्या इनामगावात लागतो. १९६८ ते १९८२ डेक्कन कॉलेजनं तिथं उत्खनन केलं. आधीच्या काळात चौकोनी, ऐसपैस घरं, जवाची शेती, पाण्यासाठी पाट आणि बांधही. हजारच्या नंतर मात्र लहान गोल झोपड्या. शेती आटली, शेळ्यामेंढ्या आणि शिकार यांवर भर आला. पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकरांच्या मते पाऊस कमी होत गेला, म्हणून लोक अर्धे भटके झाले. पावसाचं कारण सगळ्यांना पटलेलं नाही. पण गोल झोपड्यांचे अवशेष तर जमिनीत आहेतच.

पुस्तकाच्या हिशेबानं ही पीछेहाट. मला ती अक्कलहुशारी वाटते. पाटाला पाणी नसेल तर बांधावर बसून कोण राहील? आपल्याकडं दरसाल मेंढरं घेऊन धनगर उतरतात, त्यांना कुठल्या पायरीवर बसवायचं, ते चाइल्डना विचारायला हवं होतं.

आणि गेलेली माणसं परततातही. नेवाशात ह. धी. सांकलियांनी १९५४ ते १९५६ खणलं. तिथं दायमाबाद-इनामगावासारख्याच ताम्रपाषाणयुगाच्या थरानंतर काही शतकांची पोकळी आहे. मग पुन्हा वस्ती दिसते ती सातवाहनांच्या काळातली, रोमशी व्यापार करणारी.