बारा जणांची टीम

मागे गाज ऐकू येत असेल तर सांभाळून घ्या, हा भाग मी गावाहून रेकॉर्ड करतोय. गाव म्हणजे मिठबाव, तालुका देवगड. दिवसा लॅपटॉपवर ऑफिसचं काम, संध्याकाळी मैदान. तर आज आपण कबड्डीवर बोलणार आहोत. नेमकं सांगायचं तर पुणेरी पलटणच्या एका हंगामावर. आणि थोडं माझ्या दादावर. दादा म्हणजे माझा चुलतभाऊ.

आधी जरा मागे जाऊ. 17 डिसेंबर 2022, प्रो कबड्डीच्या नवव्या हंगामाची फायनल, मुंबईत. पलटण जयपूरकडून 33-29 अशी हरली. चार गुणांनी. दुखापतीमुळे अस्लम इनामदार आणि मोहित गोयत हे दोन मुख्य चढाईपटू त्या दिवशी मैदानातच नव्हते. मी पुण्यात रूमवर बघत होतो, आणि सगळ्यांसारखाच म्हणालो, 'अस्लम असता तर जिंकलो असतो!'

पुढच्या हंगामात अस्लम कर्णधार झाला. प्रशिक्षक बी. सी. रमेश. लिलावात इराणच्या मोहम्मदरेझा शादलुईला 2 कोटी 35 लाखांना घेतलं. साखळीत 22 सामने झाले: 17 जिंकले, 3 बरोबरीत, 2 हरले. एकूण 96 गुण, तक्त्यात पहिला नंबर.

आता मी पडलो इंजिनिअर, त्यामुळे हिशेब जुळवून बघायची खोड. तेव्हा जिंकलात तर 5 गुण मिळायचे, बरोबरी झाली तर 3. म्हणजे सतरा पंचे पंच्याऐंशी, अधिक नऊ, झाले चौऱ्याण्णव. मग वरचे दोन कुठून आले? तर प्रो कबड्डीत तेव्हा नियम असा होता, की सात किंवा त्याहून कमी फरकाने हरलात तरी एक गुण मिळायचा. म्हणजे पलटणने दोन्ही हरलेल्या सामन्यांतूनही एकेक गुण काढला होता. एकदाही टीम कोसळली नाही. मला त्या 17 विजयांपेक्षा हे दोन गुण जास्त आवडतात.

1 मार्च 2024 ची फायनल मी इथे, गावच्या घरात, दादाबरोबर बघितली. कुणकेश्वरची जत्रा आठवड्यावर आली होती. समोर हरियाणा स्टीलर्स. पहिल्या सत्राच्या शेवटी पंकज मोहितेने एकाच चढाईत चार गडी उठवले, आणि हाफ टाइमला आपण 13-10 असे पुढे गेलो. मी खुर्चीवरून उठून ओरडलो. दादा गप्प. शेवटी 28-25 ने पलटण पहिल्यांदा चॅम्पियन झाली, तेव्हा तो बोलला. हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला अस्लम, पण त्या रात्रीची सगळ्यात मोठी चढाई दुसऱ्याच कुणाची होती, हे त्याने बरोबर टिपलं होतं.

म्हणाला, "संघ सात जणांचो नसता रे, बारा जणांचो असता. माझ्या टायमाक भायर कोण होतो?"

इथे मला थोडं मागचं सांगायला लागेल. मी बारावीत असताना दादा आमच्या टीमचा एक नंबर चढाईपटू. तांबड्या मातीचं मैदान, वर हॅलोजन, दोरीला टेकून उभी गर्दी. सेमीफायनलमध्ये त्याचा गुडघा मुरगळला. बदली खेळाडू होते, पण नावाला, टीशर्टची संख्या भरायला. दादाने क्रेप बँडेज बांधलं आणि तासाभरात फायनलला उतरला. मध्येच एकदा खाली बसला. तेव्हा गर्दीतून 'दादा, ऊठ! दादा, ऊठ!' असं ओरडणाऱ्यांत मी सगळ्यात पुढे होतो. तो उठला. आम्ही जिंकलो. चषक अजून आहे. गुडघा मात्र तेव्हापासून गेला तो गेलाच. ऑपरेशनला पैसे जमेपर्यंत उशीर झाला होता. आज हापूसच्या पेट्या उचलताना तो एक पाय जपून टाकतो, आणि ते बघितलं की मला माझाच आवाज ऐकू येतो.

आमच्या धंद्यात याला बस फॅक्टर म्हणतात. किती माणसं अचानक नाहीशी झाली की प्रोजेक्ट बंद पडेल? उत्तर 'एक' आलं तर दोष त्या माणसाचा नसतो, टीम बांधणाऱ्यांचा असतो.

अर्थात बाकावर माणसं असली की सगळं सुटतं असंही नाही. अकराव्या हंगामात शादलुई हरियाणाकडे गेला, अस्लम गुडघ्याच्या दुखापतीने बाहेर बसला, आणि गतविजेती पलटण पहिल्या सहातही आली नाही. फायनल आपल्या बालेवाडीत, आणि चषक उचलला हरियाणाने! वाईट वाटलं. पण अस्लमला कोणी अर्ध्या गुडघ्यावर खेळवलं नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं. हंगाम गेला तर पुढचा येतो. गुडघ्याचं तसं नाही.

आता दादा संध्याकाळी गावातल्या पोरांना शिकवतो. नियम एकच: बाराही जणांना खेळवायचं, आणि दुखलं तर लगेच बाहेर. मागच्या आठवड्यात आमच्या सगळ्यात चांगल्या पोराचा घोटा सुजला. गर्दी ओरडत होती, पोरगा रडत होता, मी खेळाव खेळाव म्हणत होता. दादाने त्याला शेजारी बसवून ठेवलं आणि बाकावरच्या सगळ्यात बारक्याला आत पाठवलं.

हरलो. सहा गुणांनी.

परत येताना मी त्याला प्रो कबड्डीचा तो नियम सांगितला. दादा हसला. म्हणाला, "म्हणजे एक पॉइंट गावलो."

चला मंडळी, आज इतकंच. तुमच्या गावच्या टीममध्ये बाकावर कोण बसायचं, त्यांची नावं आठवून बघा. भेटू पुढच्या भागात.