हादरा कुठून येतो?

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला सांगितलं, "तू बोटींचं काम करतोस, त्यावर दहा मिनिटं बोल." मी म्हटलं, अंबडच्या माणसांना बोटीचं काय सांगू? आपली ग्रामदेवता मत्स्योदरी. टेकडीचा आकार माशाचा, देवीच्या नावात मासा, पण उन्हाळ्यात आपण टँकरची वाट बघत वाढलो. मी खरं खोल पाणी पहिल्यांदा पाहिलं ते पैठणच्या नाथसागराचं, शाळेच्या सहलीत. तेव्हा काठावरून मागे सरकणाऱ्यांत मी पहिला होतो. इथे बसलेल्या काहींना ते नक्की आठवत असेल.

दहावीनंतर जालन्याला आयटीआयला डिझेल मेकॅनिक केलं. वर्षभर अंबडला ट्रॅक्टरच्या गॅरेजवर होतो. मग नात्यातल्या एकांच्या ओळखीनं मुंबईला गेलो आणि एका कोळी नाखवांच्या लाँचवर लागलो. गेटवे ऑफ इंडियापासून घारापुरीला, मांडव्याला ज्या लाकडी लाँच जातात, त्यांतली एक. आज जी गोष्ट सांगणार आहे ती तिथली, आणि त्यात चूक माझी आहे.

आधी बोटीची रचना सांगतो. छोट्या होडीला इंजिन मागे बाहेर टांगलेलं असतं. लाँचला तसं नसतं. इंजिन बोटीच्या पोटात असतं. त्याच्या मागे गिअरबॉक्स, मग कपलिंग, मग लांब शाफ्ट. हा शाफ्ट बोटीच्या तळातून पाण्यात जातो आणि त्याच्या टोकाला पंखा असतो. जिथून शाफ्ट बाहेर पडतो तिथे ग्लँड असते, म्हणजे पाणी आत येऊ नये म्हणून भरलेली दोरीसारखी पॅकिंग. पंख्याजवळ रबरी बुश असतो, त्याला वंगण समुद्राच्या पाण्याचंच. पाण्यावर घसरपट्टी खेळणाऱ्या माणसाला दोरीनं ओढतात त्या वेगवान बोटींतही बहुतेक हीच मांडणी असते, फक्त सगळं लहान आणि फेरे जास्त.

आपल्या जीपच्या शाफ्टला दोन्ही टोकांना क्रॉस असतात, म्हणून तो थोडा तिरका असला तरी चालतो. लाँचच्या या शाफ्टला क्रॉस नाही. इंजिन आणि शाफ्ट एका सरळ रेषेत असलेच पाहिजेत. केसाएवढा फरक पडला तरी सगळी बोट थरथरते.

पावसाळ्यात आमची लाँच बंद असायची. त्या वर्षी आमची बोट ओढून काठावर घेतली होती. इंजिनच्या पायांखालचे रबर बदलायचे होते. नाखवांनी ते काम माझ्यावर सोपवलं. मी रबर बदलले, इंजिन बसवलं, कपलिंग जुळवलं, बोल्ट आवळले. फार खूश होतो. मोसम सुरू झाला, बोट पाण्यात उतरली, आणि पहिल्याच फेरीत एका ठरावीक वेगाच्या वर बोट अशी हादरायला लागली की बाकांवरच्या पाण्याच्या बाटल्या सरकत खाली पडल्या.

मी लगेच म्हणालो, "पंख्याचा दोष आहे." पंखा काढून बॅलन्स करून आणला. फरक नाही. मग म्हणालो, "बुश गेलाय." बुश बदलला. त्यासाठी बोट पुन्हा वर घ्यावी लागली, चार दिवसांचा धंदा बुडाला. तरीही फरक नाही. नाखवांचे पैसे जात होते आणि मी रोज नवं नाव सांगत होतो.

मग एके दिवशी परतीच्या फेरीत ग्लँड सुटल्यासारखी झाली. एरवी शाफ्ट फिरताना तिथून मिनिटाला दोन-चार थेंब पडतात, ते पडायलाच हवेत. त्या दिवशी धार लागली. वर प्रवासी, त्यात लहान मुलं. मी खाली पंप चालवत होतो. पाणी पंपाच्या ताब्यात होतं, बोट हळू चालवत धक्क्याला लागलो, कुणाला काही झालं नाही. पण पोहता न येणारा अंबडचा मुलगा घोटाभर पाण्यात उभा होता, आणि हे आपल्या हातानं झालंय हे त्याला आतून कळत होतं.

नाखवा ओरडले नाहीत. त्यांनी ओळखीच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींना बोलावलं. मिस्त्रींनी पाना हातात घेण्याआधी मला विचारलं, "हादरा कधी येतो?" मी सांगायला लागलो की कशामुळे येतो. ते म्हणाले, "कशामुळे ते मी विचारलं नाही. कधी येतो?" याचं नीट उत्तर माझ्याकडे नव्हतं.

मग त्यांनी क्रमानं दाखवलं. पहिल्यांदा एका पोऱ्याला पाण्यात उतरवून पंख्याला दोरी किंवा जाळ्याचा तुकडा अडकलाय का ते पाहिलं, कारण त्याला खर्च नाही. काही नव्हतं. मग गिअर न टाकता इंजिन त्याच फेऱ्यांवर नेलं. बोट शांत. म्हणजे एकट्या इंजिनाचा दोष नाही. मग कपलिंगचे बोल्ट काढून दोन्ही फ्लँज वेगळे केले आणि गिअर टाकून इंजिन चालवलं. तरी शांत. म्हणजे गिअरबॉक्सही सुटला. उरलं काय, तर जोड आणि त्याच्या मागचा भाग. तीन चाचण्या, खर्च शून्य. मी तीन आठवडे घालवले होते.

त्यानंतर मोकळ्या शाफ्टला त्यांनी खालून आधार दिला, कारण मोकळा शाफ्ट स्वतःच्या वजनानं लवतो आणि माप खोटं येतं. दोन्ही फ्लँज जवळ आणून फिलर गेजनं वर, खाली, डावीकडे, उजवीकडे फट मोजली आणि खडूनं लिहिली. खालची फट वरच्यापेक्षा ०.४५ मिलिमीटरनं जास्त होती. मग फक्त शाफ्टचा फ्लँज पाव फेरा फिरवला आणि पुन्हा मोजलं. असं चार वेळा.

इथेच सगळं निदान आहे. मोठी फट फ्लँजबरोबर फिरत गेली, तर शाफ्ट वाकलाय किंवा फ्लँज वाकडा बसलाय. फट जागच्या जागी राहिली, तर शाफ्ट चांगला आहे, इंजिन तिरकं बसलंय. आमची फट चारही वेळा खालीच राहिली.

म्हणजे दोष माझ्या बसवण्यात होता. मी कपलिंग जुळवलं ते बोट काठावर असताना. लाकडी बोट जमिनीवर टेकलेली असते तेव्हा तिचा आकार वेगळा आणि पाण्यात तरंगते तेव्हा वेगळा. म्हणून शेवटचं जुळवणं पाण्यातच करायचं, बोट एक-दोन दिवस पाण्यात राहू देऊन, टाकीत नेहमीएवढं डिझेल ठेवून. हे मला माहीत नव्हतं, आणि मी कुणाला विचारलंही नाही.

आता दुरुस्ती. मिस्त्रींनी विचारलं, "इंजिनचे पुढचे पाय किती खाली घ्यायचे?" ते स्वतः अंदाजानं शिम काढत. मला आपले गणिताचे सर आठवले. फळ्यावर समरूप त्रिकोण काढून ते म्हणायचे, "बाजू लहान-मोठी होईल, प्रमाण हलणार नाही." फ्लँजचा व्यास १२५ मिलिमीटर, फट ०.४५. इंजिनच्या पुढच्या-मागच्या पायांतलं अंतर ७५० मिलिमीटर, म्हणजे व्यासाच्या सहापट. म्हणून ०.४५ गुणिले सहा, २.७ मिलिमीटर. पुढच्या पायांखालून तेवढे शिम काढले. मग दोन्ही फ्लँजच्या कडा एकमेकींशी जुळवून पुन्हा मोजलं. व्यासाच्या हजाराव्या भागापर्यंतचा फरक चालतो, म्हणजे इथे साधारण ०.१२. आमचा ०.०८ आला. ग्लँडची पॅकिंग नवी भरली, बोट काढली. बाटल्या जागेवर राहिल्या.

संध्याकाळी मी नाखवांना सांगितलं, "पंखा आणि बुश दोन्ही चांगले होते. चूक माझी होती." त्यांनी दोन महिने माझा अर्धा पगार कापला. मला ते योग्य वाटलं. पण कामावरून काढलं नाही. पुढे सहा वर्षं मी त्यांच्याकडेच होतो, आणि पोहायलाही तिथेच शिकलो.

मित्रांनो, तुमच्यापैकी बऱ्याच जणांची शेती आहे. कुणाच्या विहिरीवर, कुणाच्या कालव्यावर इंजिन आणि पंप कपलिंगनं जोडलेले आहेत. काल एक मित्र म्हणत होता, "दर हंगामाला कपलिंगचे रबर जातात, कंपनी खराब माल देते." अरे, आधी फट मोज. फाउंडेशनचे बोल्ट आवळण्याआधी एकदा आणि आवळल्यावर पुन्हा. फिलर गेज फार महाग नाही. मी उद्या दुपारपर्यंत गावात आहे, बोलाव, येतो.

आणि समोर बसलेल्या मुलांना एवढंच सांगतो. बिघाड दिसला की नाव सांगायची घाई करू नका. तो कधी येतो, कधी येत नाही, ते आधी लिहून काढा. आणि समरूप त्रिकोणाचा धडा सोडू नका.

आपले गणिताचे सर आज आपल्यात नाहीत. माझा हा हिशेब त्यांना दाखवायचा राहून गेला, म्हणून इथे सांगितला.