सेवाकार्यातील समानुभूती

(सुवर्णमहोत्सवी समारंभातील व्याख्यान)



ट्रस्टच्या पन्नास वर्षांच्या वाटचालीबद्दल आपणा सर्वांचे हार्दिक अभिनंदन. दानाची परंपरा आपल्या समाजाला नवी नाही. म्हणूनच आज ‘किती दिले’ याविषयी न बोलता ‘कसे दिले’ याविषयी दोन शब्द बोलणार आहे.

दुसऱ्याचे दुःख पाहून मन हेलावते, ती सहानुभूती. तेच दुःख त्याच्या जागी उभे राहून समजून घेणे, ही समानुभूती. मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी १९५७ मध्ये याचे एक पथ्य सांगितले. समोरच्याचे जग जणू आपलेच आहे असे अनुभवावे. मात्र त्यातील ‘जणू’ विसरू नये. कार्यकर्ताच दुःखात वाहून गेला, तर आधार कोणी द्यावा? दुसऱ्याची बाजू त्याच्या जागेवरून पाहणे हे अनेकान्ताचा संस्कार लाभलेल्या समाजाला परके नाही.

कर्मवीर भाऊराव पाटील यांचे उदाहरण आपल्या घरचेच आहे. कुंभोजच्या जैन कुटुंबात १८८७ मध्ये जन्मलेल्या भाऊरावांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू झाले. तेथे सर्व जातींची मुले एका पंगतीत जेवत. मुलांच्या अन्नासाठी लक्ष्मीबाईंनी दागिने दिले, प्रसंगी मंगळसूत्रही मोडले. पण मला त्याहून मोठी वाटते ती ‘कमवा आणि शिका’ ही दृष्टी. फुकटच्या अन्नाने पोट भरते, पण मन मिंधे होते, हे ज्याला मुलाच्या जागी बसून उमगले, त्यालाच अशी योजना सुचते.

३० सप्टेंबर १९९३ च्या लातूर-उस्मानाबाद भूकंपानंतर भारतीय जैन संघटनेने सुमारे १२०० मुलांना शिक्षणासाठी पुण्याला आणले. मदतीचे धान्य काही दिवस पुरते. मुलाचे उद्ध्वस्त झालेले बालपण सावरायला वर्षे लागतात, ही जाण त्यामागे होती.

आता आपल्या दाराशी पाहू. विधवा भगिनीला चारचौघांत घरची मिळकत विचारली, तर शिष्यवृत्तीचा धनादेश हाती पडूनही तिची मान खाली जाते. व्यापारात खोट आलेला साधर्मिक तर लाजेपोटी अर्जच करीत नाही. ज्याला सर्वाधिक गरज, तोच यादीबाहेर राहतो. म्हणून माझी नम्र सूचना आहे : चौकशी बंद खोलीत व्हावी, शक्यतो कार्यकर्त्याने घरी जाऊन करावी. आधी ऐकावे, मग विचारावे, उपदेश टाळावा. मदत घेणाऱ्याचे नाव व छायाचित्र प्रसिद्ध करू नये. देणाऱ्याचे नाव फलकावर जरूर असावे; घेणाऱ्याचे मात्र केवळ दप्तरात.

यासाठी वेगळा निधी लागत नाही, वेळ आणि मनाची तयारी लागते. सुवर्णमहोत्सवानंतरच्या वाटचालीत आपल्या कार्यालयाची पायरी चढणारा प्रत्येक जण ताठ मानेने परत जावो, हीच सदिच्छा.

जय जिनेंद्र!