पडावावरील चूल

सुरत जिल्ह्यातील पलसाणा परिसरात ऊसतोडीच्या हंगामात डांग, नंदुरबार व धुळे भागांतून मजूर कुटुंबे येतात. बांबू, पाचट व प्लास्टिक यांच्या झोपडीपाशी तीन दगडांची चूल पेटते. २०१६ साली उज्ज्वला योजना सुरू झाली. तथापि हंगामी पडावावर बहुधा चूलच असते, आणि वाळल्या पाचटास एक ठिणगी पुरते.

यास्तव, वारा ज्वाळा झोपडीकडे नेणार नाही अशा जागी चूल मांडावी. भोवतालचे पाचट झाडून काढावे. पेटत्या सरपणावर रॉकेल ओतू नये. जवळ पाण्याची बादली व माती ठेवावी. थंडीत निखाऱ्यांची शेगडी बंद झोपडीत ठेवून निजू नये. तीतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूस रंग नाही, वास नाही, आणि झोपेतच प्राण जाऊ शकतो.

भाजल्यास त्या भागावर २० मिनिटे थंड वाहते पाणी सोडावे, हळद वा तेल लावू नये आणि १०८ क्रमांकावर कळवावे.

आईबाप पहाटे फडात गेले की चुलीपाशी लहान मुले उरतात. म्हणून निघण्यापूर्वी निखारे पाणी घालून पूर्ण विझवावेत. मुकादम, शिक्षक व अधिकाऱ्यांनी पडावावर जाऊन एवढी एक गोष्ट पटवून दिली, तरी अनेक लेकरे वाचतील.