कामाची वाट



कामावर जाण्याची वाट ही कामाचा भाग नव्हे, असा आपला सर्वांचा समज आहे. शेतकरी बांधावर पोहोचला म्हणजे त्याचे काम सुरू होते, कामगार गिरणीच्या दारातून आत गेला म्हणजे त्याची पाळी सुरू होते. पण काही कामे अशी आहेत की तिथे पोहोचणे हेच कामाइतके जोखमीचे असते. समुद्रातील तेलविहिरीवरचे काम हे त्यांपैकी एक. अशा वाटेवर घडलेल्या एका अपघाताची हकीकत आज आम्ही आपल्यापुढे मांडणार आहोत.

कॅनडाच्या पूर्व टोकाला न्यूफाउंडलंड नावाचे बेट आहे. शतकानुशतके तिथली माणसे कॉड माशावर जगली. 1992 साली मासा इतका घटला की सरकारला कॉडची मासेमारी बंद करावी लागली आणि हजारो कुटुंबांच्या चुलीवर संकट आले. पुढे 1997 साली, सेंट जॉन्स या शहरापासून सुमारे 315 किलोमीटर दूर, हायबर्निया नावाच्या समुद्रातील तळावरून तेल निघू लागले. ज्या समुद्रावर पूर्वी होड्या जात, त्याच्यावरून आता कामगारांना घेऊन हेलिकॉप्टरे जाऊ लागली.

12 मार्च 2009 रोजी सकाळी असेच एक हेलिकॉप्टर सेंट जॉन्सहून निघाले. ते सिकोर्स्की कंपनीचे एस-92 जातीचे होते. त्यात 16 प्रवासी आणि 2 वैमानिक होते. अर्ध्या तासाच्या आत मुख्य गिअरबॉक्समधील तेलाचा दाब कोसळल्याची सूचना आली. वैमानिक माघारी वळले. सूचना मिळाल्यापासून सुमारे अकरा मिनिटांनी हेलिकॉप्टर समुद्रावर आदळले आणि लगेच बुडाले. अठरांपैकी एकच जण वाचला.

आता तेल कसे गेले ते पाहू. इंजिनाचा प्रचंड वेग कमी करून तो वरच्या पात्यांना देणे, हे गिअरबॉक्सचे काम. तिथले दाते तेलावाचून फिरू लागले की तापतात आणि झिजून तुटतात. या तेलाच्या गाळणीची वाटी तीन बोल्टांनी बसवलेली होती. बोल्ट टायटेनियमचे होते. वाटी वारंवार काढून लावताना त्यांचे आटे खरडले गेले, बोल्ट कमजोर झाले आणि त्या दिवशी तीनपैकी दोन तुटले. बोटभर लांबीच्या धातूवर अठरा जीव टांगलेले होते.

पण हे दुखणे अचानक उद्भवलेले नव्हते. जुलै 2008 मध्ये ऑस्ट्रेलियात याच जातीच्या हेलिकॉप्टरचे हेच बोल्ट तुटले होते. ते सुखरूप जमिनीवर उतरले. जानेवारी 2009 मध्ये कंपनीने सूचना काढली की टायटेनियमचे बोल्ट काढून पोलादाचे बसवावेत. मुदत दिली ती 1,250 उड्डाणतासांची किंवा एक वर्षाची. अपघात झाला तेव्हा त्या मुदतीचे दोन महिनेही गेले नव्हते. गाळणीची वाटी काढताना-लावताना बोल्ट तपासण्याबद्दलच्या दुरुस्तीपुस्तकातील सूचनाही परिणामकारकपणे अमलात आल्या नव्हत्या, असे कॅनडाच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने 2011 च्या अहवालात नोंदवले आहे.

त्याच अहवालात दुसरी एक गोष्ट आहे आणि आमच्या मते तीच मुख्य आहे. अशा हेलिकॉप्टरचे गिअरबॉक्स तेल गेल्यावरही तीस मिनिटे चालले पाहिजे, असा नियम होता. सुखरूप उतरण्याची जागा गाठायला वेळ मिळावा, हा त्यामागचा हिशेब. या गिअरबॉक्सची तशी चाचणी झाली, तेव्हा तीस मिनिटे भरली नाहीत. पण नियमात एक पळवाट होती: तेल जाण्याची शक्यता ‘अत्यंत असंभाव्य’ असेल, तर ही अट लागू नाही. त्या दोन शब्दांच्या आधारे परवाना मिळाला.

श्रोतेहो, शक्याशक्यता मोजणे हे शास्त्राचे काम आहे आणि त्याला आमचा विरोध नाही. जोखमीवाचून मनुष्याचे एकही पाऊल पडत नाही. प्रश्न असा आहे की ‘असंभाव्य’ म्हणतो कोण आणि त्याची किंमत भरतो कोण? जो म्हणतो तो कचेरीत असतो. जो भरतो तो समुद्रावर असतो. ऑस्ट्रेलियात बोल्ट तुटले, त्या दिवशी ते दोन शब्द खोटे ठरले होते. कागदावरून मात्र ते पुसले गेले नाहीत.

पाण्यात बुडालेल्या हेलिकॉप्टरातून बाहेर पडताना श्वास पुरावा म्हणून छोटी नळकांडी मिळतात. ती कामगारांना द्यावीत अशी चर्चा तिथे वर्षानुवर्षे चालू होती. ती हाती आली ती अपघातानंतर, त्याच वर्षी. सतरा माणसे गेल्यावर जे काही आठवड्यांत जमले, ते आधी का जमले नाही, हा प्रश्न प्रत्येक अपघातानंतर विचारावा लागतो.

हा प्रश्न आपल्यापासून दूर नाही. मुंबईच्या पश्चिमेला सुमारे 160 किलोमीटरवर मुंबई हाय आहे. तिथे 1974 साली तेल सापडले. तिथले कामगारही हेलिकॉप्टरने जातात. 13 जानेवारी 2018 रोजी जुहूहून निघालेले हेलिकॉप्टर समुद्रात कोसळून त्यातील तेल व नैसर्गिक वायू महामंडळाचे पाच अधिकारी आणि दोन वैमानिक असे सातही जण दगावले. 28 जून 2022 रोजी सागर किरण या तळाजवळ दुसरे एक पाण्यात पडले. त्यातील नवांपैकी चौघे गेले. या अपघातांची कारणे न्यूफाउंडलंडसारखीच होती, असे आम्ही म्हणत नाही. पण वाट तीच आहे आणि त्या वाटेने जाणारा माणूसही तोच आहे: घरी पैसे पाठवणारा, सुट्टीचे दिवस मोजणारा, आणि ज्या यंत्रात बसायचे ते निवडण्याचा अधिकार नसलेला.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच आहे. कामाची वाट हाही कामाचाच भाग मानला पाहिजे. यंत्रातला दोष कळला, की तो दुरुस्त करण्याची मुदत ठरवताना यंत्राचे तास मोजतात तशी आत बसणारी माणसेही मोजली पाहिजेत. आणि तो दोष त्या माणसांना, त्यांच्या भाषेत, त्यांनी पट्टा बांधण्यापूर्वी सांगितला पाहिजे. आपल्या घरातला गॅस पेटतो, आपल्या रस्त्यावरची मोटार धावते, ती या माणसांच्या जाण्यायेण्यावर. तेलाचा भाव आपण रोज विचारतो. कधी तरी या वाटेचाही भाव विचारावा, एवढी विनंती.