न्यायाधीश होण्याआधीचे विल्यम हेस्टी



आज कायद्याची पदवी घेणाऱ्या तुमच्यापैकी अनेकांच्या मनात न्यायाधीश व्हायचे स्वप्न असेल. म्हणून विल्यम हेस्टी यांच्याविषयी बोलतो. अमेरिकेच्या संघीय अपील न्यायालयात बसलेले ते पहिले कृष्णवर्णीय न्यायाधीश.

जन्म १९०४ चा, टेनेसी राज्यातल्या नॉक्सव्हिलचा. कायद्याचे शिक्षण हार्वर्डमध्ये. १९३७ मध्ये ते व्हर्जिन बेटांवर जिल्हा न्यायाधीश झाले. दोनच वर्षांत ते पद सोडून हॉवर्ड विद्यापीठात विधी शाखेचे अधिष्ठाता झाले. महायुद्धात युद्धमंत्र्यांनी त्यांना सल्लागार म्हणून घेतले. पण हवाई दल काळ्या जवानांना वेगळे ठेवण्याचा हट्ट सोडेना. जानेवारी १९४३ मध्ये, युद्ध ऐन भरात असताना, हेस्टींनी राजीनामा दिला आणि त्याची कारणे जाहीरपणे मांडली. पुढच्या नेमणुकांचा विचार करणारा माणूस असे करत नाही.

१९४४ मध्ये आयरीन मॉर्गन ही तरुणी व्हर्जिनियातून बाल्टिमोरला बसने निघाली होती. गोऱ्या प्रवाशांसाठी जागा सोडायला सांगितले, ती उठली नाही. अटकेला विरोध केल्याचा १०० डॉलर दंड तिने भरला. जागा न सोडल्याबद्दलचे १० डॉलर भरायला मात्र साफ नकार दिला. त्या १० डॉलरच्या प्रकरणात हेस्टी आणि त्यांचेच विद्यार्थी थर्गुड मार्शल सर्वोच्च न्यायालयात उभे राहिले. १९४६ मध्ये निकाल लागला: एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणाऱ्या बसमध्ये अशी सक्ती चालणार नाही.

अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष नाव सुचवतात, सिनेट संमती देते आणि मग संघीय न्यायाधीशाची नेमणूक तहहयात होते. ऑक्टोबर १९४९ मध्ये सिनेटचे अधिवेशन संपल्यावर राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी हेस्टींना फिलाडेल्फियाच्या अपील न्यायालयावर नेमले. संमतीआधीची ही नेमणूक तात्पुरती होती; सिनेटने पाठ फिरवली असती तर पद गेले असते. जुलै १९५० मध्ये संमती मिळाली, तोवर ते अशाच अधांतरी अवस्थेत न्यायदान करत होते. १९६८ मध्ये ते त्याच न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश झाले.

मित्रहो, नेमणुकीचा आदेश एका दिवसात निघतो. न्यायबुद्धी वकिलीच्या रोजच्या कामात घडत जाते. हेस्टींनी दोनदा मोठी पदे सोडली आणि लहानशा दंडाचे प्रकरण पूर्ण ताकदीने लढवले. सिनेटसमोर त्यांचे नाव गेले, तेव्हा हीच त्यांची खरी पुंजी होती.

लवकरच तुम्हाला सनद मिळेल. दाव्याची रक्कम लहान आहे म्हणून अशिलाला दारातून परत पाठवू नका. प्रत्येक वकीलपत्रावर सही करताना त्या माणसाचा हक्क आधी पाहा. खुर्ची मिळो वा न मिळो, तुमच्या हातून न्याय घडो, हाच माझा आशीर्वाद.