पाऊस हातीं नाहीं, बियाणें हातीं आहे

(मृग निघण्यापूर्वीं आमच्या गांवीं चावडीपुढें केलेलें भाषण)



गेले पंधरा दिवस पारावर एकच बोलणें चाललें आहे. पाऊस कधीं येणार, सोयाबीनला भाव काय मिळणार, आणि सरकार काय देणार? या तिहींपैकीं एकही गोष्ट आपल्या हातची नाहीं. पाऊस समुद्रावरून येतो. भाव परदेशच्या तेलाबरोबर हालतो. सरकारचें म्हणाल, तर 2023 सालीं एक रुपयांत पीकविमा दिला आणि 2025 सालीं ती सवलत काढून घेतली. देतांना आपल्याला विचारलें नव्हतें, काढतांनाही विचारलें नाहीं. याबद्दल भांडावें, अर्ज करावेत. तें आम्हीही करतों. पण त्या नादांत घरांतल्या पोत्याकडे पाहावयाचें राहून जातें, म्हणून हे चार शब्द.

आमचीच गोष्ट सांगतों. 2014 च्या जूनमध्यें पावसानें फार ओढ दिली. एक सर पडली, आणि त्याच संध्याकाळीं आम्ही व आमचे थोरले बंधु तिफण घेऊन शेतांत गेलों. "अजून ढेकूळ फुटलें नाहीं, थांबा," असें मातोश्री म्हणाल्या. शेजाऱ्यानें पेरलें, मग आपण मागें कां राहावें? पुढें बारा दिवस कडक ऊन. उगवलें तें करपलें. दुबार पेरणीचें बियाणें उधारीनें आणलें, तेंही निम्मेंच उगवलें. शेवटीं एक बैल विकला, आणि पुतणीला तालुक्याच्या शाळेंत घालावयाचें होतें तें राहिलें. मुलांना शेकडेवारी शिकविणारा मास्तर, आणि घरच्या बियाण्याचे शंभर दाणे मोजावयाचे त्याला सुचलें नाहीं! दोष सगळा पावसाला दिला, आणि तेवढ्यावर आमचें समाधानही झालें.

तें मोजणें असें. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळींत शंभर दाणे मांडावे, गोणपाट गुंडाळून सावलींत ठेवावें, रोज पाणी शिंपडावें. सहा-सात दिवसांनीं उघडून चांगले कोंब मोजावे. सत्तर निघाले तर एकरीं तीस किलो पुरे. पांसष्ट निघाले तर दोन-अडीच किलो जास्त धरावें. साठाच्याही खालीं आले तर तें पोतें पेरूं नये. घरचें असेल तर बाजारांत विकावें. सोयाबीनचें साल नाजूक असतें. पोतें गाडीवरून धाडकन टाकलें कीं आंतल्या कोंबाला मार बसतो, आणि वरून दाणा मात्र टपोरा दिसतो. हमालाला ओरडण्यापूर्वीं आपण स्वतः पोतें कसें उतरवितों तें पाहावें. घरचें चांगलें बियाणें असतां दरसाल दुकानीं जाण्याचेंही कारण नाहीं, कारण या पिकाचें बीं घरचें घरीं धरतां येतें.

आतां पाऊस पाडणें हातीं नसलें, तरी मोजणें हातीं आहे. सरळ उभ्या कडांचा डबा उघड्यावर ठेवावा, रोज सकाळीं पाणी पट्टीनें मोजून लिहावें व ओतून द्यावें. बेरीज 75 ते 100 मिलिमीटर, म्हणजे चार-पांच बोटें, होईपर्यंत तिफण घरांतच असूं द्यावी. शेजारी पेरो कीं न पेरो.

पावसासाठीं वर्गणी काढून अनुष्ठान बसविण्याचें घाटत आहे असें कानावर आलें. कोणाची श्रद्धा आम्हांस मोडावयाची नाहीं. पण जोतीरावांनीं 1883 सालीं 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, त्यांत ताली-बंधारे बांधण्यास सांगितलें आहे, अनुष्ठान सांगितलेलें नाहीं. एका एकरावर 100 मिलिमीटर पाऊस म्हणजे सुमारें चार लाख लिटर पाणी. ओढ्याकडचा बांध तीन ठिकाणीं फुटला आहे. तें पाणी तेथून निघून जातें. वर्गणी तिकडे लावावी, असें आमचें मत आहे.

भगिनींना एक विनंति. उधारीचा आंकडा घरधनी सांगत नसेल तर विचारा. आमच्या घरीं तो मातोश्रींना बैल गेल्यावर कळला.

उद्यां शाळा सुटल्यावर प्रत्येकानें आपापल्या पोत्यांतलें मूठभर बीं घेऊन यावें. वरून नव्हे, पोत्यांत हात घालून मधलें आणावें. सातवीच्या मुलांनीं गोणपाटें भिजवून ठेविलीं आहेत. चिठ्ठीवर नांव लिहावयास विसरूं नये, नाहीं तर कोणाचे किती उगवले यावरून पुन्हां पारावर भांडण होईल.